सप्टेंबरचा रकाना

पुण्याच्या परिषदेहून परत आल्यावर पाचव्या दिवशी रॉविना आल्मेडाला मेल आला. परिषदेत वाचलेल्या निवडक शोधनिबंधांचा विशेषांक निघणार होता. नियतकालिक मुक्त होते, म्हणजे जगात कुणालाही वर्गणी न भरता वाचता येणारे. खाडीतल्या तिसऱ्या या शिंपल्यांवरचा तिचा निबंध तिने वाढवून पाठवावा, छपाईचे शुल्क माफ, असे त्यात लिहिले होते.

मालवणजवळच्या एका महाविद्यालयात ती सोळा वर्षे प्राणिशास्त्र शिकवत होती. असली आमंत्रणे तिला आठवड्याला चार येत आणि बहुतेक बनावट असत. हे तर फुकट छापतो म्हणत होते, म्हणून तिला जास्तच संशय आला. संपादकांची नावे तिने त्यांच्या विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर शोधली, जुने अंक उघडून पाहिले, शेवटी पुण्याला आयोजकांना फोन लावला. सगळे खरे निघाले. तरी दोन दिवस तिने उत्तर दिले नाही.

अट एकच होती. एक तृतीयांश मजकूर नवा हवा. परिषदेतला निबंध ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचा होता. पुढच्या पावसाळ्यात रॉविना आईच्या मोडलेल्या पायासाठी म्हापशाला राहिली होती, त्यामुळे त्या महिन्यांच्या नोंदी नाहीतच असे ती धरून चालली होती.

"आहेत ना, मॅडम," मितेश म्हणाला. तो तासिका तत्त्वावर शिकवणारा तिचा सहकारी, निबंधातला दुसरा लेखक. "जून ते सप्टेंबर, पाचही ठिकाणं. मी मोजून ठेवलंय."

संध्याकाळपर्यंत त्याने तक्ता पाठवला. तिला बरे वाटले, आणि लगेच बरे वाटेनासे झाले. भर पावसात खाडीत उतरलेला माणूस त्याबद्दल इतके दिवस गप्प कसा राहिला?

आकडे निबंधाच्या तक्त्यात भरताना सप्टेंबरच्या रकान्याशी ती थांबली. पहिल्या ठिकाणी पाण्याचा खारेपणा ऑगस्टमध्ये सहा, आदल्या ऑक्टोबरमध्ये बावीस आणि सप्टेंबरमध्ये चौदा. बरोबर मधला. दुसऱ्या ठिकाणीही मधला. पाचही ठिकाणी मधला.

रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर ती तशीच देवबागला गेली. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली होती. सावित्री चोडणेकर गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या काढत होती. सुरुवातीपासून जागा दाखवायला हीच बाई त्यांच्याबरोबर असे.

"वयनी, पावसात मितेश सर हय येत होते?"

"एकदा इले. जूनात," सावित्री कंबर सरळ करत म्हणाली. "चिखलात पाय घसारलो नि पडले. मगे ती खारटपण बघूची नळी माझ्याकडे देवन गेले. जून, जुलय, आगस्ट मीच केलंय. तिसरे मापूक पूजान शिकयल्यान."

पूजा तिची मुलगी. घरी भिंतीवरचे जुने कॅलेंडर अजून होते. सावित्रीने तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने आकडे लिहून ठेवले होते. मितेशच्या तक्त्यातले तीन महिने त्यांच्याशी जुळले. तारखा तेवढ्या त्याने बदलून स्वतःच्या सुटीच्या दिवसांच्या केल्या होत्या. सप्टेंबरच्या पानावर फक्त गॅसच्या टाकीची तारीख होती.

"आणि ह्यो महिनो?"

"तेव्हा मी खंय होतंय हय? पूजाचा बाळंतपण. महिनोभर मसुऱ्याक तिच्याकडे होतंय." सावित्रीने तिच्याकडे नीट पाहिले. "कित्या, काय झाला?"

रॉविनाला आता वेगळीच धास्ती वाटू लागली होती. परिषदेच्या निबंधातला मार्च महिनाही मितेशने एकट्याने केला होता. तेव्हा तिच्या मागे परीक्षांचे काम होते.

"मार्चात इल्ले सर?"

"ता माका याद नाय, बाय. खोटा कशाक सांगू?"

सोमवारी प्रयोगशाळेत मितेश सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसत होता. तिने तक्ता त्याच्यासमोर ठेवला.

"सप्टेंबरचं पाणी कुणी मोजलं?"

"मीच, मॅडम."

"पाचही ठिकाणी ऑगस्ट आणि ऑक्टोबरची बेरीज, भागिले दोन. असं पाणी मी कधी पाहिलं नाही."

त्याने हातातली काच खाली ठेवली. "एकच महिना होता," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत. मधला साधारण तेवढाच असणार. सात वर्षं तासांवर शिकवतोय, मॅडम. जूनमध्ये कायम जागेसाठी मुलाखत आहे. त्याआधी हा निबंध छापून यायला हवा होता."

"आणि मार्च?"

"मार्च खरा आहे. मी स्वतः गेलो होतो."

"कुणाबरोबर?"

"एकटाच."

आठवड्यापूर्वी तिने हे दुसरा प्रश्न न विचारता मानले असते.

तिने संपादकांना सगळे कळवले. सप्टेंबर काढला, मार्चही काढला, आणि परिषदेलाही तसे लिहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. कळवल्याबद्दल आभार होते. पण दोन महिन्यांची भोके असलेला निबंध परीक्षक घेणार नाहीत आणि विशेषांक थांबू शकत नाही. वर्ष पुन्हा मोजा, नेहमीच्या अंकासाठी पाठवा, असे त्यांनी सुचवले.

मुलाखतीत मितेशची निवड झाली नाही. त्याने तिला काही ऐकवले नाही. फोंडाघाटला एका शिकवणीवर्गात तो लागला.

पुढचे वर्षभर रॉविना दर महिन्याला सावित्रीबरोबर चिखलात उतरली. नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर दोघींची सही असे. सावित्रीला त्याचे हसू येई. त्या वर्षी पाऊस लांबला आणि सप्टेंबरचे पाणी ऑगस्टपेक्षाही गोडे निघाले. एका ठिकाणच्या तिसऱ्या सगळ्या मेल्या होत्या. अर्थात आदल्या वर्षीचे त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. मार्चचे आकडे मात्र मितेशच्या मार्चच्या इतके जवळ आले की रॉविनाने नळी धुऊन पुन्हा मोजले.

निबंध छापून आला तेव्हा त्यावर दोनच नावे होती, रॉविना आल्मेडा आणि सावित्री चोडणेकर. पूजाने तो फोनवर उघडला, तो पासवर्ड न मागता उघडला, आणि तिने आईला तक्ता वाचून दाखवला. सावित्रीने प्रत्येक आकडा त्या वर्षीच्या कॅलेंडरवरच्या आपल्या नोंदींशी ताडून पाहिला.

त्या आठवड्यात रॉविनाने मितेशला फोन केला. इकडचे तिकडचे झाल्यावर ती म्हणाली, "मार्चचा तुझा आकडा बरोबर असावा."

"मी सांगितलं होतं, मॅडम," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. ती काहीतरी म्हणणार होती, पण त्याच्या वर्गाची घंटा वाजली आणि त्याने फोन ठेवला.