शिरानेचे नऊ शेवट

दाताच्या दवाखान्याला गुरुवारी सुट्टी असायची. तोवाको हिराबायाशीचे गेल्या अकरा वर्षांतले बहुतेक सगळे गुरुवार एकाच कामात गेले होते. सकाळी भात, सूप, लोणचं आटोपलं की कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबदार रजईत कमरेपर्यंत शिरायचं, गेम लावायचा आणि एखाद्या जादूकन्येला एखाद्या मुलाच्या प्रेमात पाडायचं.

या गेममध्ये खेळण्यापेक्षा वाचणंच जास्त असे. पडद्यावर चित्र, खाली शब्द, मधूनच कुणाचा तरी हळवा आवाज. आणि मग प्रश्न येई, आता काय म्हणशील? दोन-तीन उत्तरांतलं एक निवडायचं, की गोष्ट त्या वाटेनं वळे. उत्तर चुकलं तर जादूकन्या राक्षसाच्या हातून मरे, जमलं तर चेरीच्या झाडाखाली तिला तिचा माणूस भेटे. तोवाको एकूण एक वाट चालून बघायची, एकूण एक शेवट गाठायची. ती एकतीस वर्षांची होती आणि मात्सुमोतो शहरात दवाखान्याच्या खिडकीशी बसून पेशंटांना वेळ द्यायची. 'फार ठणकतंय हो' म्हणून रडकुंडीला आलेल्या माणसालाही ती "मंगळवार, साडेचार" असं मान वर न करता सांगे. तिच्या तोंडाला लागायला डॉक्टरही बिचकत.

फेब्रुवारीत तिनं 'छत्र्यांच्या गल्लीतली जादूकन्या' हा नवा गेम मागवला. नागोयातल्या चार-पाच जणींनी मिळून केलेला. धाकटी बहीण रिन बेकरीतून दुपारीच सुटायची. ती त्या गुरुवारी आली, संत्री सोलत शेजारी बसली आणि पाचच मिनिटांत ओरडली.

"अगं ताई, ही तर तू!"

पडद्यावर नायिकेची वैरीण आली होती. शिराने नावाची, पांढऱ्या केसांची, वाट चुकलेली जादूकन्या. डाव्या कानाखाली तीळ. चिडली की जीभ टाळ्याला लावून 'टक्' वाजवायची आणि म्हणायची, "माझं काय जातं?"

"तीळ काय, हजार बायकांना असतो," तोवाको म्हणाली.

"आणि 'माझं काय जातं' हजार बायका म्हणतात?"

"म्हणत असतील. माझं काय जातं?"

रिन हसून लोळायची बाकी राहिली. तोवाको हसली नाही. कारण पुढच्याच प्रसंगात आसागी आला. हा लंगडा तरुण मोडक्या छत्र्या दुरुस्त करायचा आणि दुरुस्त झालेल्या प्रत्येक छत्रीला नाव द्यायचा. तोवाको पडद्याकडे सरकली. हा माणूस तिनं जन्माला घातला होता. तेराव्या वर्षी, विज्ञानाच्या तासाला, शेवटच्या बाकावर, शिसपेन्सिलीनं.

तिनं गेम थांबवला आणि हा लिहिला कुणी ते शोधलं. कथा आणि संवाद, मिहारु कुझुओका.

मिहारु तिची शाळेतली मैत्रीण. दोघींनी मिळून दोन वर्षं एक वही भरली होती. एक पान मिहारु जांभळ्या शाईनं लिही, एक पान तोवाको पेन्सिलीनं. जादूकन्या, तिचे प्रियकर, त्यांचे रुसवे. वाचणाऱ्या दोघीच आणि लिहिणाऱ्याही दोघीच. मग आठवीत तोवाकोला व्हॉलीबॉलच्या मुलींनी आपल्यात ओढलं. एका दुपारी त्या म्हणाल्या, "ते बाळबोध जादूचं काहीतरी लिहिणारी तूच ना?" त्या आठवड्यात डब्याच्या सुट्टीत लाउडस्पीकरवर बोलायची पाळी तोवाकोची होती. तिनं वहीतली चार पानं नाटकी आवाज काढून साऱ्या शाळेला वाचून दाखवली. वर्गावर्गांतून हसण्याचा लोट उठलेला तिला त्या बंद खोलीतही ऐकू आला. मिहारु पुन्हा शाळेत आलीच नाही, वसंतात नागोयाला आत्याकडे गेली. वडिलांची बदली झाली असेल, असं तोवाको सगळ्यांना सांगे. पुढेपुढे तिला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गेममध्येही लाउडस्पीकरची खोली होती. तिथे शिराने नायिकेची वही वाचत होती आणि तो नाटकी आवाजही थेट तोवाकोचाच वाटत होता.

"ताई," रिननं संत्र्याची फोड हातातच ठेवली, "हे खरंच झालं होतं?"

"शाळेत काय काय होत असतं."

"म्हणजे झालं होतं."

"तू घरी जा."

रिन गेली. तोवाकोनं पुढचे तीन गुरुवार आणि दवाखान्याच्या जेवणाच्या सुट्ट्या शिरानेवर घालवल्या. कुठला प्रियकर कुणाला मिळतो याच्याशी तिला आता काही देणंघेणं उरलं नव्हतं. हिला मिहारुनं कुठे तरी जगू दिलंय का, तेवढंच तिला बघायचं होतं. एका वाटेनं शिरानेचा बर्फाचा खांब झाला. दुसऱ्या वाटेनं तिला कावळ्यांनी विहिरीत लोटलं. तिसऱ्या वाटेनं ती सगळ्यांच्या आठवणीतून पुसली गेली आणि रस्त्यात लोकांना आपलं नाव सांगत फिरू लागली. कुणी थांबलं नाही, आणि शेवटी ती रस्त्यातच गोठून मेली. एकदा नायिकेला 'तिला माफ कर' असं उत्तर होतं. तोवाकोनं ते निवडलं, तर शिरानेनं माफ करणाऱ्या नायिकेच्या पाठीत बर्फाची सुरी खुपसली आणि मग स्वतःही गेली. नऊ शेवट, नऊ मरणं. तोवाकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी दिली तरी ही बाई सुरीच उगारते, असं लिहिणारी ही कोण टिकोजीराव?

तिनं गेमखाली अभिप्राय टाकला. 'लेखिकेला सूड आणि गोष्ट यांतला फरक कळत नाही. नायिका मेणाची, प्रियकर कागदाचे. जिवंत बाई एकच, शिराने, आणि तिला मारण्यापलीकडे लेखिकेला काही येत नाही. छत्रीवाला आसागी चोरीचा आहे.'

संध्याकाळपर्यंत साठेक जणींनी तिचा उद्धार केला. 'तुला कुणी प्रियकर मिळाला नाही वाटतं.' 'चोरीचा असेल तर पुरावा दे.' एकीनं नुसतंच लिहिलं, 'शिराने मेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.' ते शेवटचं तोवाकोनं चारदा वाचलं.

मार्चमध्ये नागोयाला अशा घरगुती गेमवाल्यांचा बाजार भरला. तोवाको सकाळच्या गाडीनं गेली. मोठं सभागृह, लांबलचक टेबलं, टेबलांवर गेमची खोकी. खोट्या केसांचे टोप घातलेल्या, झालरीचे झगे सावरत चालणाऱ्या मुली. मिहारुच्या टेबलापुढे वीस-बावीस जणींची रांग होती. तोवाको रांगेत उभी राहिली नाही, सरळ पुढे गेली.

"ओ ताई, रांग आहे इथे!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मला सही नकोय."

मिहारुनं मान वर केली. जाड चष्मा, आखूड केस, बोटांना शाई. तिनं ओळखायला क्षणही लावला नाही.

"आलीस," ती म्हणाली. "माफी मागायला आली असशील तर रांगेत उभी राहा."

"माफी कसली? जाब विचारायला आलेय. माझा तीळ, माझी जीभ, माझं बोलणं उचलायचं, आणि मला नऊदा मारायचं? विचारलंस मला?"

"तू वही वाचलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

"आपण तेरा वर्षांच्या होतो, मिहारु!"

"मीही तेराच वर्षांची होते. आत्याच्या घरी वर्षभर खोलीबाहेर आले नाही, तेही तेराव्या वर्षीच."

रांगेतली कुजबुज थांबली होती. शेजारच्या टेबलावरची बाई खोकी लावायचं सोडून कान टवकारून उभी होती. तोवाकोला माघार घेता येईना. ती टेबलावर वाकली.

"बरं. मला मारायचंय, मार. पण आसागी माझा आहे. त्याचा लंगडा पाय माझा, छत्र्यांना नावं द्यायची कल्पना माझी. अर्धी वही माझी होती. तुझं एकटीचं नाव कसं घालतेस? चोर आहेस तू."

मिहारुनं पेनचं टोपण लावलं. तिचा आवाज मुळीच चढला नाही.

"लाउडस्पीकरवर वाचून झाल्यावर शेवटी तू काय म्हणालीस, आठवतं?"

"नाही."

"मला आठवतं. मी वर्गात बसून ऐकत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. तू म्हणालीस, 'यातलं एक अक्षरही माझं नाही. हे सगळं मिहारु कुझुओकाचं आहे.' साडेपाचशे पोरांसमोर म्हणालीस. मी फक्त तुझं ऐकलं."

तोवाकोला ते आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मायक्रोफोनची लोखंडी जाळी ओठांना लागलेली, आणि ते वाक्य बोलून झाल्यावर छाती कशी हलकी झाली होती, तेसुद्धा. एक वाक्य बोलून ती त्या वहीतून सुटली होती. काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते 'टक्'.

रांगेतली एक मुलगी किंचाळली, "अगं बाई, ही खरीच शिराने आहे!"

कुणीतरी हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. एकीनं फोटोसाठी फोन वर केला.

"फोन खाली," मिहारु कडाडली. "ज्याला फोटो काढायचाय त्यानं माझ्या रांगेत राहू नये." मग तोवाकोकडे वळून तितक्याच कडू आवाजात म्हणाली, "तुझी दया आली म्हणून नाही बोलले. हसणारी गर्दी मला सहन होत नाही. आता नीघ. पुढच्या गेममध्ये तू नाहीयेस. माझं तुझ्यावरचं लिहून संपलंय."

दंडावर पट्टी बांधलेला एक स्वयंसेवक आला आणि नम्रपणे वाकून म्हणाला, "मॅडम, जरा या बाजूला येता का?" तोवाको गेली.

परतीच्या गाडीत तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. मिहारुचा राग होताच. पण 'संपलंय' हा शब्द जास्त झोंबत होता. नऊदा मारलं तेव्हा निदान रोज बसून आपला विचार तरी करत होती. नाराई स्टेशनच्या पुढे डोंगरात बर्फ दिसू लागलं तेव्हा कुठे तिला दुसरं सुचलं. आपण 'आठवत नाही' म्हणालो, ते खोटं नव्हतं. पण विसरायला आपण स्वतःच मेहनत घेतली होती.

घरी रिन वाट बघत होती. "मग? मागितलीस का माफी?"

"नाही."

"आणि तिनं?"

"तिनं कशाला मागायची?" तोवाको म्हणाली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गेमखालचा आपला अभिप्राय काढला नाही. 'नायिका मेणाची' या मतावर ती ठाम होती. पण त्याखाली आपल्या खऱ्या नावानं लिहिलं, 'आसागी चोरीचा नाही. तो मी टाकून दिला होता. शाळेतली वही वाचणारी मुलगी मी आहे.' पुढचे पंधरा दिवस लोकांनी तिला सोलून काढलं. दवाखान्यातही एका पेशंटनं खिडकीतून विचारलं, "ती तुम्हीच का?" तिनं "हो, मीच. मंगळवार, साडेचार," असं उत्तर दिलं.

मग तिनं मिहारुला पत्र लिहिलं. पाच वेळा फाडलं आणि शेवटी दोनच ओळी पाठवल्या. 'अर्धी वही माझी होती. मी ती वाचली, हे वाईट केलं.'

मिहारुचं उत्तर आठवड्यानं कार्डावर आलं, जांभळ्या शाईत. 'अर्धी नव्हती, तिसरा हिस्सा. आसागीचा पाय तुझा, बोलणं माझं. दुसरी ओळ मिळाली.'

तोवाकोनं कार्ड टेबलावर आपटलं. तिसरा हिस्सा! ती जेवायचंही विसरली. आठवून आठवून तिनं दोन वर्षांतल्या पानांची जंत्री काढली. कुठला प्रसंग कुणाचा, समुद्रावरचं भांडण कुणी लिहिलं, आसागीच्या आईचं मरण कुणी. चार कागद दोन्ही बाजूंनी भरले आणि शेवटी लिहिलं, 'तुझी गणितं शाळेतही कच्चीच होती.'

त्यावर सहा पानांचं उत्तर आलं, एकाहून एक खोचक.

मैत्री झाली असं कुणी समजू नये. दोघी भेटल्या नाहीत, फोन केला नाही, नववर्षाचं साधं शुभेच्छापत्रही एकमेकींना पाठवलं नाही. मिहारुनं माफ केल्याचं कधी लिहिलं नाही आणि तोवाकोनं विचारलं नाही. पण गुरुवारी सकाळी भात-सूप झाल्यावर तोवाको हल्ली आधी कागद काढते. सध्या वाद आसागीचा कुठला पाय अधू होता याचा आहे. ती डावा म्हणते, मिहारु उजवा, आणि मिहारुनं मागच्या पत्रात तिला सरळसरळ खोटारडी म्हटलं आहे.