बेचकं

शब्दांवरचं सदर लिहायला लागून मला वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माणसाला बाकी काही येवो न येवो, दुसऱ्याला चुकीचं ठरवायला मस्त येतं.

माझे साडू एका शाळेचं मैदान सांभाळतात. चुन्यानं रेषा आखतात, जाळ्या दुरुस्त करतात, भाल्यांच्या मुठींना नवी दोरी गुंडाळतात. गेल्या महिन्यात सगळे आमच्याकडे जेवायला जमले होते, तेव्हा साडू भलतेच खुशीत होते. क्रीडादिनाला भालाफेकीआधी मुलांना दोन शब्द सांगायचं काम मुख्याध्यापिकेनं त्यांना दिलं होतं. उभ्या जन्मात त्यांच्या हाती कुणी माइक दिला नव्हता.

"जॅव्हेलिन म्हणजे मुळात बेचकं," ते म्हणाले. "फांदीला फाटा फुटतो ना, ते. तिथूनच सुरुवात करणार आहे."

मला हसू आवरेना. "अहो साडूभाऊ, भाला सरळ असतो! उद्या म्हणाल, थाळीफेकीतली थाळी म्हणजे मुळात वाटी!"

हसून हसून माझ्या बायकोसकट सगळ्यांची पुरेवाट झाली. साडूंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रविवारच्या सदराला विषय नव्हता. 'बेचकेवाल्यांचं भाषाशास्त्र' असा मथळा देऊन मी तो किस्सा तिखटमीठ लावून छापला. नाव घातलं नव्हतं, पण मैदान सांभाळणारे साडू मला एकच आहेत. शाळेत व्हायचा तो बभ्रा झाला. मुख्याध्यापिकेनं माइक पीटीच्या सरांना द्यायचं ठरवलं.

परवा एका वाचकाचं पाकीट आलं. आत कोशातल्या एका पानाची झेरॉक्स आणि खाली एकच ओळ: 'हसण्याआधी बघायचं.' जॅव्हेलिन, फेकायचा हलका भाला. इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि त्यामागे बहुधा एक जुना केल्टिक शब्द. अर्थ, फाटा फुटलेली फांदी. तो कोश माझ्या खुर्चीमागच्या फळीवरच होता. मी तो उघडलासुद्धा नव्हता. खोलीत मी एकटाच होतो, तरी लाजेनं माझे कान तापले.

तसाच उठून शाळेत गेलो. मैदानालगतच्या खोलीत साडू भाल्याला दोरी गुंडाळत बसले होते.

"तुमचंच बरोबर होतं," मी म्हणालो. "आत्ताच मुख्याध्यापिकेला सांगतो. कुठं वाचलं होतंत?"

"वाचलं नाही." त्यांनी भाला मांडीवर फिरवला. "माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही पहिल्यांदा इथं आला होतात. याच खोलीत, भाला हातात घेऊन तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हापासून लक्षात ठेवलंय."

मला काही म्हणता काही आठवेना.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"ताईंसमोर? सगळ्यांसमोर?" त्यांनी गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "तुमचीच फजिती झाली असती, दादा."

मी त्यांना घेऊन मुख्याध्यापिकेकडे गेलो. बाईंनी झेरॉक्स दोनदा वाचली.

"माइक त्यांनाच देते," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा, यांना हे कळलं कुठून?"

साडू दारातच उभे होते. माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, नको म्हणून.

"माझ्याकडून," मी म्हणालो. "सांगून मीच विसरलो होतो."