हुलियाकाला जाणारं विमान

खोटं बोलायला मला विचारसुद्धा करावा लागला नाही. दोहातल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये नेलिडा आणि मी समोरासमोर बसतो. ती पेरू देशातली, मी वसईची. नोव्हेंबरात ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "बेट्टी, तुझी नाताळची सुट्टी मला देशील? माझी जानेवारीची तू घे. आई फार थकलीय."

आमच्या लॅबमधून एका वेळी एकालाच सुट्टी मिळते. मी चार वर्षांनी नाताळला घरी निघाले होते. तोंडातून निघून गेलं, "माझी आईपण आजारी आहे गं."

"मग तूच जा," ती लगेच म्हणाली आणि वर माझा हात दाबला.

माझी आई ठणठणीत होती. मी वसईला पोचले तेव्हा ती अंगणात उभी राहून शेजारणीशी कडाकडा भांडत होती.

मी निघायच्या आधीच पेरूत गोंधळ सुरू झाला होता. राष्ट्राध्यक्षांनी संसद बरखास्त केल्याचं जाहीर केलं, संसदेनं त्याच दिवशी त्यांनाच हटवलं, आणि गडी थेट कोठडीत. नेलिडाच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी याच माणसाला मतं दिली होती. ते भडकले आणि रस्त्यांवर दगड, टायर येऊन पडले. नाताळात जरा निवळलं, विमानं सुरू झाली. माझी सुट्टी नेलिडाला मिळाली असती तर ती पोचली असती. ते दिवस मी वसईत आईच्या हातचं खात लोळून काढले.

जानेवारीत पुन्हा भडका उडाला. गोळीबारात माणसं मेली. नेलिडाच्या गावचा, हुलियाकाचा विमानतळ बंद झाला आणि रस्तेही बंद झाले. मी परत आले तेव्हा जी सुट्टीवर असायला हवी होती ती युनिफॉर्म घालून समोर बसलेली. "राजधानीपर्यंत जाईन," ती म्हणाली, "पुढे काय, चालत जाऊ?" आठवड्याभरात तिची आई गेली.

वसईत माणूस गेलं की नऊ दिवस शेजारीपाजारी जमून जपमाळेची प्रार्थना म्हणतात. नेलिडाकडेही तशीच रीत. तिचे शेजारी होते जगाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मी तिला रोज ड्युटी संपली की अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटवर आणायला लागले. माझा नवरा वॉल्टर, वरच्या मजल्यावरची कॅरिना आणि आम्ही दोघी. प्रार्थना मराठीत. नेलिडाला एक अक्षर कळत नव्हतं, पण मण्यावरचं तिचं बोट बरोबर आमच्यासोबत सरकायचं. ते बघून मला लाज वाटायची, खरी लाज.

ती घरी गेली की वॉल्टर विचारायचा, "सांगितलंस?"

"उद्या सांगते."

"अगं, नऊच दिवस आहेत."

नवव्या दिवशी प्रार्थना संपली आणि तिच्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं फोनमधून आम्हा सगळ्यांना हात जोडले, मग बराच वेळ काहीतरी बोलला. नेलिडा माझ्याकडे वळली.

"तुझी आई आजारी आहे हे मी आईला सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी तुझ्या आईसाठी मेणबत्ती लावायची म्हणे. शेवटच्या दिवशीही विचारत होती, ती बाई बरी झाली का? भाऊ विचारतोय, झाली का?"

मी हातातली माळ खाली ठेवली.

"नेलिडा, माझी आई आजारी नव्हतीच. मला घरी जायचं होतं म्हणून खोटं बोलले. माझ्यामुळे तुला तुझी आई..."

कॅरिना चहाचे कप घेऊन दारातच थांबली. नेलिडा माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता मारेल, मारावंच तिनं. फोनमधला भाऊ दोनदा हॅलो म्हणाला.

मग तिनं तोंड फिरवलं आणि त्यांच्या भाषेत त्याला चार शब्द सांगितले. भाऊ हसला. डोळे पुसत त्यानं छातीवर क्रुसाची खूण केली आणि फोन ठेवला.

"काय सांगितलंस?" मी कसंबसं विचारलं.

"बरी झाली म्हणून." तिनं जपमाळ पर्समध्ये टाकली. "आईनं इतके दिवस मागितलं होतं. तिचं मागणं वाया कशाला घालवू?"