काचेचं कपाट आणि बॉबिनींचा हारा

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी कपाट आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही चांगला नाही. दुसऱ्याचं कौतुक माझ्याच्यानं ऐकवत नाही. माधवनगरच्या बालमंदिरात मी इतकी वर्षं उभा आहे. त्यातली चार वर्षं मी एका बांबूच्या हाऱ्याचा हेवा करण्यात घालवली. हारा म्हणजे मोठी टोपली. आता सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगणार आहे.

माझा जन्म मिरजेचा. सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीला लागून मौला मिस्त्री नावाच्या सुताराचं दुकान होतं. शेजाऱ्यांचं पाहून त्यांनाही सवय लागली होती. कुठलीही फळी घेण्याआधी ते बोटानं टिचकी मारून कान देत. माझी एकही फळी त्यांनी न ऐकता घेतली नाही. एकोणीसशे चाळीस साली त्यांनी मला पुरं केलं. वर काचेची दोन दारं, खाली लाकडी दाराचा मोठा कप्पा, पितळी कड्या आणि माथ्यावर कोरलेली वेल. मी पुरुषभर उंच होतो. बैलगाडीतून निघालो तेव्हा मिस्त्री गल्लीच्या तोंडापर्यंत मागे चालत आले होते.

मला बनवून घेतलं होतं नानासोंनी. ते बालमंदिराचे अध्यक्ष. त्यांच्या आईच्या स्मरणार्थ त्यांनी मला शाळेला दिलं. शाळा म्हणजे चावडीमागची एक लांबोडी खोली. तिथं येणारी मुलं तीन ते पाच वर्षांची, गिरणीत कामाला जाणाऱ्या आईबापांची. शाळा नव्हती तेव्हा ही मुलं गिरणीच्या फाटकाबाहेर झाडाखाली थोरल्या बहिणीच्या कडेवर दिवस काढायची. त्यामुळे त्या बहिणीचीही शाळा बुडायची. शिकवणाऱ्या विजयमालाबाई हे सगळं जाणून होत्या. एकही मूल त्या झाडाखाली परत जाऊ नये, एवढाच त्यांचा ध्यास होता.

माझ्यात खेळणी होती. सावंतवाडीचा रंगीत लाकडी हत्ती, मुंबईची डोळे मिटणारी बाहुली, तारेतल्या मण्यांची चौकट. पण मुलांनी मोडली तर काय करायचं, म्हणून नानासोंनी कुलूप लावायला सांगितलं. किल्ली बाईंच्या कमरेला. पाहुणे आले की दारं उघडायची, पाहुणे "वा" म्हणायचे, की पुन्हा कुलूप. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहत. मला वाटायचं, या खोलीत मान असावा तर असा.

पण मी आलो त्याच वर्षी तो हारा आला.

अंबूबाई नावाची बाई घरोघरी जाऊन मुलांना बोलावून आणायची. तिनं एक दिवस डोक्यावरून तो हारा आणला आणि माझ्या शेजारी धपकन ठेवला. त्यात होतं काय? गिरणीतल्या सुताच्या रिकाम्या लाकडी बॉबिनी. मिरजेला तिचा भाऊ सतारीच्या कारखान्यात होता, त्यानं दिलेले फुटक्या भोपळ्यांचे वाडग्यासारखे तुकडे. चिंचोके आणि चिंध्या. म्हणजे सगळा टाकाऊ माल. मी मनातल्या मनात नाक मुरडलं.

पण मुलं त्याच्यावर तुटून पडली. बॉबिनींची आगगाडी व्हायची, भोपळ्याच्या वाटीत चिंचोक्यांचं कालवण शिजायचं. चव्वेचाळीस साली गुंडा नावाचा एक चार वर्षांचा मुलगा शाळेत आला. तो आईसाठी रोज रडायचा. बॉबिनी एकावर एक रचायला लागला आणि त्याचं रडणं थांबलं. त्याच्याच बरोबरीची मेहरुन नावाची मुलगी कोणाशीच बोलत नसे, ती चिंध्यांच्या बाळाशी बोलू लागली. मुलं जाता-येता हाऱ्याच्या काठावर हात ठेवायची, त्यात तोंड घालायची. एक मुलगी तर त्यात बसून झोपलीसुद्धा. माझ्या काचेला मात्र कुणाचं बोट लागत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी सागवानी आणि तो बांबूचा. मी मिस्त्रींनी कान लावून पारखलेला, तो बाजारातून उचललेला. तरी प्रेम त्यालाच. हाऱ्याची एकेक कांब निसटू लागली तसा मला आनंद व्हायचा, पण अंबूबाई ती पुन्हा ओवून टाकायची.

चव्वेचाळीसच्या श्रावणात शिक्षण मंडळाकडून पत्र आलं. लढाईचे दिवस होते. रेशनचं धान्य ठेवायला गावात जागा हवी होती आणि आमच्या खोलीवर डोळा होता. मंडळाकडून एक बाई येऊन शाळेची पाहणी करणार होत्या. त्यांचा अभिप्राय चांगला आला तर खोली मुलांकडे राहणार, नाहीतर इथं पोती येणार. विजयमालाबाईंनी पत्र तीनदा वाचलं.

नानासोंनी तयारी हाती घेतली. "बाई, पाहुण्या मानसाच्या नजरंत भरंल अशी खोली पायजे," ते म्हणाले. जमीन शेणानं सारवली. दारापासून माझ्यापर्यंत खोलीभर रांगोळी घातली. मला तेल लावून पुसलं. मग त्यांची नजर हाऱ्यावर गेली.

"ह्यो भंगार कशाला हितं? आदी नजरंआड करा."

"आवं, पोरं त्याच्याबिगर ऱ्हात न्हाईत," अंबूबाई म्हणाली.

"एक दिस ऱ्हातील की."

हारा ठेवायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून माझा खालचा कप्पा रिकामा करून हारा त्यात कोंबला आणि कुलूप लावलं. मित्रांनो, माझ्या जन्माच्या वैऱ्याला माझ्याच पोटात ठेवलं. पण खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्याही होत होत्या. आता बघू पोरं कोणाकडे बघतात.

पाहणीला आलेल्या बाई सांगलीच्या पलीकडच्या, कानडी मुलखाजवळच्या गावच्या होत्या. सगळे त्यांना पद्माक्का म्हणत. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. त्या तिच्यावर बसल्याच नाहीत. भिंतीकडेला मुलांच्या शेजारी जमिनीवर बसल्या, एक आखलेली वही मांडीवर घेतली आणि गप्प राहिल्या. थोड्या थोड्या वेळानं घड्याळात बघायच्या आणि वहीत खुणा करायच्या. कोण बोललं, कोण उठलं, कुणाच्या हातात काय आहे, विजयमालाबाई कुणाशी कशा बोलल्या. मला नंतर कळलं, त्या खोली बघत नव्हत्या, खोलीत मूल कसं राहतं ते बघत होत्या.

बघण्यासारखं मात्र काहीच नव्हतं. रांगोळी मोडू नका असं बजावल्यामुळे मुलं हाताची घडी घालून भिंतीला चिकटली होती. गुंडाला लघवीला जायचं होतं. दार रांगोळीच्या पलीकडे. तो बिचारा बराच वेळ चुळबुळ करत राहिला आणि शेवटी बसल्या जागीच झाली. ओघळ रांगोळीत गेला. नानासोंचा चेहरा पडला. पद्माक्कांनी वहीत खूण केली आणि आपल्या पिशवीतला पंचा काढून गुंडाला पुसलं.

मग नानासोंनी माझी काचेची दारं उघडायला लावली. माझी छाती फुगली. पद्माक्का उठल्या, जवळ आल्या आणि त्यांनी माझ्याकडे न बघता मेहरुनला विचारलं, "यातलं तुला काय आवडतं गं?"

"त्याला हात लावायचा न्हाई," मेहरुन म्हणाली.

एवढंच. पद्माक्कांनी तेही लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, "मी उद्या परत येते. उद्या रोजच्यासारखं चालू द्या."

नानासोंनी विजयमालाबाईंना बजावलं, "उद्याबी असंच ठेवा. ह्यापरीस चांगलं काय दावायचं?"

बाई भिजलेली रांगोळी पुसून काढू लागल्या. त्यांना कळलं होतं की शाळा हातची चालली.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई मुलांना घेऊन आली, तर तिच्या मागोमाग पद्माक्का चालत होत्या. नानासो अजून यायचे होते. मुलं आत आली आणि रोजच्या कोपऱ्याकडे धावली. कोपरा रिकामा.

"हारा आजबी न्हाई? कुटं गेला?" गुंडानं विचारलं.

"कपाटात हाय रं," अंबूबाई म्हणाली आणि जीभ चावली.

गुंडाचं तोंड वाकडं होऊ लागलं. मेहरुन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. विजयमालाबाईंनी पद्माक्कांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. नानासोंचा शब्द मोडायचा तर नोकरीही जाऊ शकत होती. हे सगळं मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली.

किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. श्रावणातल्या दमट हवेनं लाकूड फुगलं होतं. पण सगळा दोष हवेचा नव्हता. मीसुद्धा दात-ओठ खाऊन दार धरून ठेवलं होतं. चार वर्षं यानं माझं सगळं हिरावून घेतलं, आता मी याला सोडत नाही. शाळा जाईल, तर जाऊ दे. मित्रांनो, खरोखर मी असाच विचार केला. मत्सर माणसाला काय, लाकडालाही आंधळं करतो.

बाईंनी ओढलं. अंबूबाईनं ओढलं. मग गुंडा पुढं आला आणि त्यानं दाराच्या कडेत बोटं घातली. त्याच्या शेजारी मेहरुन. मग एकेक करून सगळीच. कुणी कडीला लोंबकळलं, कुणी माझ्या अंगाला पाठ लावून रेटू लागलं. तेलकट, शेंबडे, उबदार तळवे माझ्या अंगभर. चार वर्षांत पहिल्यांदा मुलांनी मला धरलं होतं. आणि मला कळलं की मला हाऱ्याचा राग नव्हताच. मला हे तळवे हवे होते. मी अजून थोडा वेळ धरून ठेवलं. आता रागानं नाही, तर दार उघडलं की हे हात निघून जातील म्हणून. मग गुंडा दमून रडायला लागला आणि मी सोडून दिलं.

दार उघडलं, मुलं एकमेकांवर पडली आणि हसायला लागली. त्यानंतरचा पाऊण तास पद्माक्कांची पेन्सिल थांबली नाही. खोलीभर आगगाडी धावली, दोघांचं भांडण झालं, बाईंनी आवाज न चढवता ते मिटवलं. मुलांनी आपलं आपण सगळं हाऱ्यात भरून ठेवलं. नानासो आले ते दारातच थबकले.

पद्माक्कांनी शेरेबुकात लिहिलं आणि विजयमालाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "बाईंना मुलं कळतात. साधनं थोडी आहेत, पण ती मुलांच्या हातात आहेत. शाळा याच जागेत चालू ठेवावी." पण खाली आणखी एक ओळ होती. "काचेचं कपाट मुलांचं नाही, पाहुण्यांचं आहे. ते मुलांचं करावं."

मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"आईच्या नावानं दिलंय म्या त्ये," नानासो हळू आवाजात म्हणाले.

"मग ते मुलांना दिसू द्या," पद्माक्का म्हणाल्या. "मी बसले होते तिथं एकदा बसून बघा."

नानासो गुडघे धरत भिंतीकडेला खाली बसले. तिथून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हितनं तर निस्तं कुलूप दिसतंय," ते म्हणाले.

आठ दिवसांनी मौला मिस्त्रींना मिरजेहून बोलावलं. मला बघून ते खुलले, पण काम ऐकून करवत खाली ठेवून बसून राहिले. "नानासो, म्या घडवलेलं म्याच कसं कापू?" म्हणाले. मग पाणी प्यायले, गुंडाला बोलावलं आणि त्याला माझ्याशी पाठ लावून उभं केलं. त्याच्या खांद्याच्या रेषेत माझ्या अंगावर पेन्सिलीची खूण केली. कापण्याआधी त्यांनी बोटानं टिचकी मारून ऐकलं. किती दुखलं म्हणून काय विचारता. काचा गेल्या, कुलूप गेलं, उंची गेली. माझी दोन बुटकी, उघडी कपाटं झाली आणि दोन भिंतींना लागली. हत्ती, बाहुली, मण्यांची चौकट समोरच्या फळ्यांवर आली. बाहुलीचा एक डोळा पहिल्याच आठवड्यात निखळला. कोणी कोणाला ओरडलं नाही.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. धान्याची पोती कधीच आली नाहीत. हारा दुसऱ्या वर्षी पार मोडला, आणि त्याच्या बॉबिनी आता माझ्यात असतात. मी खालचा अर्धा. वरचा अर्धा समोरच्या भिंतीला आहे, कोरलेली वेल त्याच्या वाट्याला गेली. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरं आहे. मुलं माझ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त जातात असं मला रोज वाटतं, आणि मी रोज मोजतो.

तर मित्रांनो, तुमच्या शाळेत उंचावर, काचेमागे, कुलपात काही जपून ठेवलं असेल, तर मोठ्यांना हाताला धरून तुमच्या शेजारी खाली बसवा आणि विचारा, इथून काय दिसतं? वस्तू वापरून झिजतात हे खरं आहे. पण न वापरता ठेवलेली वस्तू आतून कशी कुढते, ते माझ्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. कधी माधवनगरला आलात तर आमच्या खोलीत या. माझ्या फळीवर हात ठेवा, काय हवं ते उचला, पडलं तरी चालेल. समोरच्याकडे नंतर जा.