दारातून परत फिरलेली खुर्ची

मित्रांनो, मी विजेवर चालणारी एक व्हीलचेअर आहे. आता जुनी झाले. गादी दबली आहे, हातांवरचं रबर सोलवटलं आहे. पण ज्या मुलीची मी खुर्ची होते, तिच्याबद्दल सांगायचं म्हटलं की मला अजून अभिमान वाटतो.

तिचं नाव अहिल्या. तिची आई मीनाक्षी पुण्याची, पण अहिल्या जन्मली आणि वाढली ती अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावात. तिच्या पायांनी लहानपणापासूनच साथ दिली नाही. कारखान्यात मला तिच्याच मापानं बनवलं होतं. कॉलेज, लायब्ररी, मैत्रिणींची घरं, सगळीकडे आम्ही दोघी मिळून जायचो.

एका हिवाळ्यात माझी जॉयस्टिक बंद पडली. बिघाड लहानसा होता, पण दुरुस्ती फक्त कंपनीच्याच माणसानं करायची, आणि तो माणूस काही येईना. अहिल्या कोचावर पडून राहायची आणि मी तिच्या समोर नुसती उभी. असून नसल्यासारखी.

शेवटी तो आला, मी सुरू झाले, तशी अहिल्येनं व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या एका छोट्या संस्थेत नोकरी धरली. खुर्ची कुणाकडूनही दुरुस्त करून घेता यावी, असा कायदा त्यांना हवा होता. त्यासाठी ऑलिंपियाला, राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांना भेटायचं होतं. पगार घेऊन असं काम करणाऱ्याला लॉबिस्ट म्हणतात, आणि त्यानं आधी सरकारकडे आपलं नाव नोंदवायचं असतं.

"लॉबिस्ट?" आईनं जेवता जेवता घास खाली ठेवला. "म्हणजे दलालच ना गं?"

"आई, लोक लपून करतात म्हणून तुला ते घाण वाटतं. मी माझं नाव देणार, फोटो देणार, मला कोण पे करतं तेही सांगणार. Anyone can look it up."

आईला ते पटलं नाही. पण फोटोच्या वेळी अहिल्येचे केस तिनंच विंचरून दिले.

अहिल्येनं नोंदणीचा अर्ज भरला. संस्थेनं त्याला मान्यता दिली की नोंदणी पूर्ण होणार होती. एवढ्यात निरोप आला की या कायद्याचा विचार करणाऱ्या समितीच्या प्रमुख सिनेटरबाई उद्या सकाळी भेटू शकतील. त्यानंतर त्या वर्षी कायदा पुढे नेण्याची मुदतच संपत होती. आम्ही पहाटेच व्हॅनमधून निघालो. सिनेटरबाईंच्या कचेरीच्या दारात अहिल्येनं फोन पाहिला. संस्थेचे अध्यक्ष विमानात होते आणि त्यांची मान्यता अजून आली नव्हती.

तिथल्या मदतनीस बाईनं दार उघडलं, तेव्हा नोंदणी अजून पूर्ण नसल्याचं अहिल्येनं तिला सांगितलं. ती खाली वाकली आणि लहान बाळाशी बोलावं तशी म्हणाली, "या ना आत! तुम्हाला कसली नोंदणी? तुम्ही तर तुमची कहाणी सांगायला आलात."

"मी कहाणी सांगायला नाही आले. मी कामावर आहे," अहिल्या म्हणाली. "दुसरा कुणी लॉबिस्ट नोंदणीशिवाय आला असता, तर त्याला आत घेतलं असतं?"

"नाही. पण तुमची गोष्ट वेगळी आहे."

"वेगळी नाही."

तिनं मला मागे वळवलं.

त्या वर्षी कायदा बारगळला. त्याच दिवशी परतीच्या वाटेवर शंतनूचा फोन आला. तो संस्थेतलाच, आणि त्याची स्वतःची खुर्ची तेव्हा बंद पडलेली होती.

"दार उघडं होतं, यार! मी इथे बेडमध्ये अडकलोय, आणि तू रूल्स फॉलो करतेस?"

"सॉरी, शंतनू," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती खूप रडली. आपण चुकलो की काय, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी अधिवेशनाच्या पुष्कळ आधी नोंदणी झाली आणि आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सिनेटरबाई स्वतः बाहेर आल्या.

"गेल्या वर्षी परत गेलात त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मग बसून बोलू. पण प्रश्न मी सोपे विचारणार नाही."

सुनावणीत खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा लॉबिस्ट मऊ आवाजात म्हणाला, "या तरुणीबद्दल आम्हाला फार सहानुभूती आहे." सिनेटरबाईंनी त्याला तिथेच थांबवलं. "त्या तुमच्यासारख्याच नोंदणी केलेल्या लॉबिस्ट आहेत. त्यांच्या मुद्द्याला उत्तर द्या."

मग अहिल्येलाही खोदून खोदून विचारलं गेलं. कुणीही खुर्ची उघडली तर ती सुरक्षित राहील का? वॉरंटीचं काय? तिनं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाली. माझ्या पाठीला टेकलेली तिची पाठ त्या दिवशी जराही वाकली नाही.

वसंतात कायदा झाला. शंतनू आपली खुर्ची तिच्याशेजारी आणून म्हणाला, "ते वर्ष मी विसरणार नाही हं."

"मीही नाही," अहिल्या म्हणाली.

मित्रांनो, आमच्यासारख्या खुर्च्यांवर पिशव्या अडकवू नका, आमचे स्क्रू वेळच्या वेळी घट्ट करा. पण त्याहून मोठं मागणं निराळंच आहे. कुणी आमच्यात बसून तुमच्याकडे आलं, तर कीव करून त्याला सूट देऊ नका. त्याचं नाव विचारा, त्याचं काम विचारा, आणि मग त्याच्याशी अगदी बरोबरीनं भांडा.