सात दिवसांचा पाला

ताईच्या हातची मनिसोबा, म्हणजे पाल्यात मांस घालून शिजवलेली भाजी, हा आमच्या गल्लीचा मान. सिरिओच्या सणाच्या रविवारी देवीच्या मिरवणुकीहून परतलं की पन्नास माणसं तिच्या अंगणात जेवतात, तीस वर्षं झाली. पाला कसावाचा, ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो त्या झाडाचा, आणि कच्चा तो विषारी. सात दिवस चुलीवर रटरटला पाहिजे, मगच पोटात घालायचा. आमच्या बेलेम शहरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गेल्या वर्षी ताईला कोरोना झाला. ताप आठवड्यात उतरला, पण नाकाला वास येणं गेलं ते गेलंच, आणि डोकंही पहिल्यासारखं राहिलं नाही. बोलता बोलता शब्द सापडायचा नाही, गॅस तसाच चालू राहायचा. डॉक्टर म्हणाले, हा आजार मेंदूलाही धरतो, वेळ लागेल. ताईने हे कुणाला कळू दिलं नाही, मलाही शपथ घातली. यंदा आपण कोंबडी-भात करू म्हटलं, तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, अजून मेले नाही मी.

सिरिओच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मांस टाकायला मदत म्हणून गेले. ताईने ऐटीत भिंत दाखवली. विसरायला नको म्हणून रोज सकाळी कोळशाची एक रेघ, आणि रेघा बरोबर सात. पण पाला तिला मीच आणून दिला होता, बुधवारी; रविवारपर्यंत सात दिवस भरत नाहीत, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"ताई, चारच दिवस झालेत गं."

ती खवळली. मला जळकी म्हणाली, थेट आईच्या वेळचं जुनं उकरायला लागली. मीही काही कमी नाही, चांगलं सुनावलं. भाऊजींची दाढ काढली तो बुधवार, त्याच दिवशी पाला आणला, मोज बोटांवर! तिने मोजलं. मग रेघांकडे बघत उभीच राहिली. रेघ मारायची, विसरायची, परत मारायची, असं चाललं होतं बिचारीचं.

मी म्हटलं, ओतून टाकते, माझ्या हातून सांडलं म्हणून सांगते. तिचं लक्षच नव्हतं. तिने माझं मनगट धरलं.

"मी चाखली का गं?"

पळी ओली होती, बशीही ओली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, भाऊजी सकाळपासून बाहेर. मी तिला तशीच टॅक्सीत घातली.

दवाखान्यात नर्सने विचारलं, किती खाल्लं? मी घाईने म्हणाले, चमचाभर असेल. वर्षभर तिच्यावर पांघरूण घालायची सवयच लागली होती मेली. ताईने मला बाजूला सारलं.

"हिला काही माहीत नाही. मला आठवत नाही. वर्ष झालं, मला काहीच धड आठवत नाही. लिहून घ्या."