शब्द पोफळीचा

काशीरामला शिवाचा राग यायचा तो आधी त्याच्या पांढऱ्या हेल्मेटमुळे. त्यातून ते मेल्याला शोभूनही दिसायचं.

रत्नागिरी बंदराजवळच्या त्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर रुसला की आजवर एकाच नावाने हाक पडायची, ती काशीरामच्या. पालीहून आलेला हा गडी अमोनियाच्या पायपांतच पिकला होता. मग भोपाळची बातमी आली आणि मालकाची झोप उडाली. त्याने पोफळीच्या वीजघरात काम केलेल्या शिवाला सुरक्षा बघायला आणून बसवलं. वयाने धाकटा, बोलायला गोड. बघता बघता हाका शिवाच्या नावाने पडू लागल्या, आणि तेव्हापासून काशीरामच्या पोटात दुखायला लागलं.

शिवाने आल्या आल्या समोरच्या ऑफिसच्या गच्चीवर काठीला लाल फडकं बांधलं. वारा कुठे चाललाय ते सगळ्यांना दिसावं, गॅस सुटलाच तर त्याच्या वाटेतून बाजूला पळता यावं, म्हणून.

"जत्रा कधी हाय?" काशीरामने सगळ्यांसमोर विचारलं. लोक हसले. शिवाही हसला, आणि नेमकं तेच काशीरामला सहन झालं नाही.

मग शिवाने एका शब्दावर बंदी घातली. पायपावरचा कॉक 'लाव' असं कुणी म्हणायचं नाही. 'उघड' म्हणायचं, नाहीतर 'बंद कर'. आणि ऐकणाऱ्याने तोच शब्द परत बोलून मगच चाक फिरवायचं. आता यात चूक काय होतं? काहीच नव्हतं, म्हणून तर काशीराम जास्त जळला. त्याच्या घरी दार लावलं म्हणजे बंद केलं. त्याच्या हाताखालचा फारुक मात्र आधी मच्छीच्या लाँचवर होता; तिथे 'इंजिन लाव' म्हटलं की इंजिन सुरू करायचं. एक शब्द, दोन अर्थ, आणि मध्ये अमोनिया. हे काशीरामला कळत होतं. पण आईच्या तोंडून शिकलेला शब्द पोफळीच्या पोराने काढून घ्यावा? तो मुद्दाम 'लाव' म्हणत राहिला.

त्याची बायको तुळसा शेजारच्या शेडमध्ये कोळंबी सोलायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "शिवाभाऊंनी आज आमाला बरा समजावलंन. फडक्याकडं बघायचं, पदर भिजवून तोंडावर धरायचा, नि बाजूला पळायचं. तुमी इतकी वर्सं तिथं हाव, पण पळायचं कुठं ते कदी बोललाव नाय."

मी असताना यांना पळायची वेळ कशाला येईल, असं काशीराम धरून चालला होता. कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी तिने वाढलेली आमटी त्याला खारट लागली.

दोनच दिवसांनी अमोनियाच्या टाकीत तळाला साचलेलं कॉम्प्रेसरचं तेल काढायचं होतं. असं काम शिवाला सांगून, पाण्याचा पाइप हाताशी ठेवून करायचं ठरलं होतं. काशीरामने सांगितलं नाही. त्याला कशाला मिरवायला बोलवा? फारुकला त्याने वरच्या फळीवर कॉकपाशी उभं केलं, कॉक अर्धा उघडा ठेवला आणि स्वतः खाली तोटीशी बसला. तेल घट्ट झालं होतं, थेंबही येईना. त्याने तोटी पुरती उघडून पान्याने दोन ठोके दिले. अडकलेला गोळा सुटला आणि मागून गॅस फुसफुसत आला. तोटी फिरवायला गेला तर ती कचऱ्याने अडली होती.

"फारुक, कॉक लाव."

"उघडू का बंद करू, दादा?"

नाकात आग, डोळ्यांत आग. तरीसुद्धा शिवाचा शब्द तोंडातून निघेना. माणूस किती हट्टी असावा. "लाव म्हणतोय ना," तो खेकसला.

फारुक घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाला जुनीच सवय आठवते. त्याने कॉक उघडला.

फुसफुस दुप्पट झाली. काशीराम मागे कोलमडला आणि खिडकीतून त्याला गच्चीवरचं लाल फडकं दिसलं. ते ताठ फडकत होतं, कोळंबीच्या शेडच्या दिशेने. तिथे तुळसा होती.

"बंद कर," तो जीव खाऊन ओरडला. "बंद कर, बंद."

"बंद करतो," फारुक वरून म्हणाला, आणि चाक फिरलं.

मग काशीरामला काही दिसेना. कुणीतरी त्याची मान धरून बाहेर ओढलं आणि डोळ्यांवर पाण्याची धार धरली. तो हात झटकू लागला, तरी धार हटली नाही. "डोळे उघडे ठेवा, काका," आवाज आला. शिवाचा. शेडमधल्या बायका केव्हाच पदर भिजवून जेटीकडे निघून गेल्या होत्या. कुणाला काही झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाणी मारलं म्हणून नजर वाचली. काशीराम पट्टी बांधून घरी पडला. डोळे वाचले होते, पण ते कुणी वाचवले हे डोळ्यांतच सलत होतं. शिवा दोनदा विचारपूस करायला आला, तेव्हा त्याने झोपेचं सोंग घेतलं.

संध्याकाळी वारा सुटला तसं तुळसाने विचारलं, "दार लावू?"

"बंद कर म्हण," काशीराम म्हणाला.

ती जरा थबकली. "ह्यो शब्द शिवाभाऊंचा ना?"

काशीराम भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळला.

"शब्द त्याचा," तो म्हणाला. "वरडलो मी."